नोंद केल्याशिवाय दार उघडू नये

मायक्रोवेव्ह आमच्या घरात मी आणला. हे आधीच कबूल केलेलं बरं, म्हणजे नंतर कोणी माझ्या तोंडावर मारायला नको. आई अजूनही म्हणते, "बरं चाललं होतं, तुला कोणी सांगितलं होतं?" कोणीच सांगितलं नव्हतं. आजवर माझ्या जेवढ्या फजित्या झाल्या, त्यातली एकही कोणी सांगितलेली नव्हती. सगळ्या मी स्वतःच्या अकलेने केलेल्या आहेत.

झालं असं, की एकदा दाढ ठणकायला लागली म्हणून मी दुपारीच ऑफिसातून घरी आलो. स्वयंपाकघरात बायको ओट्याशी उभी होती. ती शहर बसवर कंडक्टर आहे. पहिली पाळी, पहाटे पाचला घराबाहेर आणि दुपारी साडेतीनला परत. खांद्यावरची तिकिटांची बॅगसुद्धा उतरवली नव्हती आणि सकाळचा थंडगार भात पातेल्यातूनच चमच्याने खात होती.

"अगं, गरम तरी करून घ्यायचा."

"गरम करायचा म्हणजे आधी गॅस पेटवा, मग ढवळत उभं राहा, मग खाली लागलेलं पातेलं घासा. तेवढ्यात माझं खाऊन होतं."

"बसून तरी खा."

"बसले की उठवत नाही हो," ती म्हणाली आणि पातेलं धुऊन टाकलं.

लग्नाला सतरा वर्षं झाली, आणि ही बाई रोज उभ्याने थंड भात खाते हे मला दाढ दुखली म्हणून कळलं. खरं सांगतो, दाढ राहिली बाजूला, मला माझीच लाज वाटली.

म्हणून ग्राहक मंडळाच्या फलकावर "घरगुती वापरातील चाचणीसाठी कुटुंब पाहिजे" असं वाचलं तेव्हा मी तिथल्या तिथे अर्ज लिहिला. मंडळ एक मायक्रोवेव्ह देणार. तीस दिवस तो रोजच्या घरात रोजच्यासारखा वापरायचा आणि अहवाल द्यायचा. तिसाव्या दिवशी मंडळाच्या तपासनीस बाई चार वाजता येणार आणि त्यांच्यासमोर शेवटची चाचणी होणार. त्याआधी चार तास यंत्र बंद आणि थंड असलं पाहिजे. अहवाल पूर्ण असेल तर यंत्र तुमचं. अपूर्ण असेल तर परत.

माझी निवड झाली. तपासनीस बाई म्हणाल्या, "एकशे बारा अर्जांत तुमचा एकच अर्ज वाचता आला." यात नवल काहीच नाही. मी सव्वीस वर्षं आवक-जावक विभागात आहे. आमच्या ऑफिसात आलेला कागद कधी आला, कोणाकडून आला, कुठे गेला, हे मी झोपेतही सांगतो. माणसं हरवतात, माझ्याकडे कागद हरवत नाही.

यंत्र आलं, आणि ओट्यावर मावेना. पुस्तिकेत लिहिलेलं, मागे-पुढे चार बोटं मोकळी जागा हवी. मग मिक्सर फ्रिजवर गेला. फ्रिजवरचे डबे आईच्या कपाटात गेले, कपाटातल्या चादरी माझ्या टेबलावर आल्या, आणि टेबलावरची माझी कागदपत्रं कुठे गेली ते मी आईला अजून विचारलेलं नाही. दोन दिवस घरात प्रत्येक वस्तू दुसऱ्याच वस्तूच्या जागी सापडत होती. जागा झाली, तर प्लग बसेना. मोठा प्लग आमच्याकडे एकच, कपड्यांच्या मशीनचा, न्हाणीघराच्या दाराशी. वायरमन म्हणाला, "लाइन इथवर आणायची तर भिंत फोडावी लागेल." आणि भिंत फोडायची म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी.

मी अर्ज दिला. सेक्रेटरींनी परत केला. म्हणे अर्जाला विषय नाही. विषय घालून दिला, तर म्हणाले विषय आहे पण संदर्भ नाही. माझ्याच हत्याराने मला मारत होते, आणि सव्वीस वर्षांत मी लोकांचं काय केलं असेल याचा मला प्रथमच थोडा अंदाज आला. फार नाही, थोडा.

शेवटी एका संध्याकाळी त्यांचा फोन आला, "मंजुरी झाली, पत्र घेऊन वर येतो." मला धीर निघेना. न्हाणीघराजवळच्या प्लगला यंत्र लावलं आणि एक कप दूध आत ठेवलं. कप समोरच्या काकूंनी आणून दिला होता, "शुभारंभाला चांगला कप घ्या हो," म्हणून. चांगला म्हणजे सोनेरी काठाचा. आत निळ्या ठिणग्या उडायला लागल्या. काकू ओरडल्या, "बघा, दूध चार्ज झालं!" आणि सगळ्या इमारतीचे दिवे गेले.

लिफ्टही थांबली. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे. आत सेक्रेटरी होते, हातात माझं मंजुरीचं पत्र घेऊन.

मी जाळीशी बसलो आणि नम्रपणे म्हणालो, "साहेब, पत्र जाळीतून दिलंत तरी चालेल."

"देतो," अंधारातून आवाज आला, "पण आधी एक अट वाढवतो. पेन द्या." मी जाळीतून पेन दिलं, टॉर्च धरला. त्यांनी लिफ्टच्या भिंतीवर कागद ठेवून लिहिलं: सदर चाचणीचा त्रास सर्व रहिवाशांना झाला असल्याने तिचा लाभही सर्व रहिवाशांना मिळावा.

त्या एका ओळीने माझा घात केला.

दुसऱ्या दिवशी वायरमनने भिंत फोडून लाइन ओट्यापर्यंत आणली, चाचणीचा पहिला दिवस धरला आणि मी पंधरा दिवसांची साठवलेली रजा काढली. साहेब म्हणाले, "घरात आजारी कोण?" मी म्हणालो, "कोणी नाही, यंत्र आलंय." त्यांनी चष्मा सारखा करून रजेचा अर्ज पुन्हा वाचला.

नोंदवही मी स्वतः आखली. नऊ रकाने: अनुक्रमांक, तारीख, वेळ, पदार्थ, कोणाचा, आत जातानाचं वजन, बाहेर येतानाचं वजन, तापमान, सही. वजनासाठी रद्दीवाल्याकडून काटा उसना आणला. यंत्राच्या दारावर मोठ्या अक्षरात पाटी लावली: "नोंद केल्याशिवाय दार उघडू नये." अहवाल अपूर्ण राहिला तर बायकोचा गरम भात गेला, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी एक घोटसुद्धा नोंदीविना आत जाऊ देणार नव्हतो.

साडेतीनला बायको आली. मी रजा त्याच क्षणासाठी तर काढली होती.

"ये, ये! ताट दे. थांब, आधी वजन करू. अरे, एक मिनिट, आत चाचणीचं पाणी आहे, रोज किती तापतं ते मोजायचं असतं. ते झालं की तुझा नंबर. तोवर एवढे रकाने भरून टाक."

तिने वही बघितली. पाटी बघितली. माझ्याकडे बघितलं.

"अहो, मी पहाटेपासून तिकिटं फाडतेय. आता घरी येऊन भाताचंही तिकीट फाडू?"

मी मोठ्याने हसलो. आमच्या हिला विनोदबुद्धी आहे, यात शंका नाही. "तुमचं चालू द्या," ती म्हणाली आणि पातेलं ओढून घेतलं. मी वळून पाण्याकडे बघायला लागलो, कारण पाण्याची वेळ झाली होती.

पाण्याचं तापमान घ्यायला मी आईचा ताप बघायचा थर्मामीटर वापरला. तो बेचाळीसच्या पुढे मोजत नाही, हे मला ठाऊक होतं. पण पाण्याला ठाऊक नव्हतं. फट्‌ असा आवाज झाला आणि पारा ओट्यावर पळत सुटला. तो कागदावर गोळा करण्यात आमची संध्याकाळ गेली.

"आता माझा ताप कशाने बघायचा?" आईने विचारलं.

"आई, तुला ताप नाहीये."

"आता येईल."

आणि लोक यायला लागले. लाभ घ्यायला. समोरच्या काकू सकाळी नऊला हजर. "समोर उभं राहू नका हो, किरणं लागतात," असं मला सांगायच्या आणि स्वतः काचेला नाक लावून उभ्या राहायच्या. त्यांनी दूध आणलं, घट्ट झालेला मध आणला, कंबर शेकायची पिशवी आणली, सर्दीचं तेल आणलं. एकदा अंडं आणलं. मी म्हटलं, पुस्तिकेत अंडं नको लिहिलंय. त्या म्हणाल्या, "कच्चं नको असेल, हे उकडलेलं आहे." त्या अंड्याची नोंद माझ्याकडे अशी आहे: आत जाताना बावन्न ग्रॅम, बाहेर येताना वजन घेता आलं नाही. त्याचा पिवळा बलक मला पुढे आठवडाभर सापडत होता, एकदा तर चष्म्याच्या घरात.

सेक्रेटरी एक दिवस सोसायटीची इतिवृत्ताची वही घेऊन आले. तिच्यावर पाणी सांडलं होतं. "सुकवून द्या." मी सांगितलं, कागद आत घालता येत नाही. ते म्हणाले, "अट वाचा. सर्व लाभ." वही सुकली, पण मधे जळाली, आणि योगायोगाने जळालेलं पान लिफ्टच्या दुरुस्तीचंच निघालं. तेव्हापासून ते माझ्याशी फार प्रेमाने वागायला लागले. वॉचमन चहा घेऊन यायचा. त्याचं मात्र मी कौतुक करतो, तो न सांगता नऊच्या नऊ रकाने भरायचा, सहीसकट.

इतक्या धांदलीत बायको कधी आली, कधी गेली, मला कळत नसे. आली की माझं पाणी चालू असायचं, नाहीतर काकूंची पिशवी. "तुमचं चालू द्या," ती म्हणायची. मी म्हणायचो, "अगं, तुझ्यासाठीच तर चाललंय!" आणि ते अगदी खरं होतं. म्हणूनच मला काही खटकलं नाही.

सोळाव्या दिवशी मी कामावर गेलो. माझ्या गैरहजेरीत काकूंना प्रभारी नेमलं, तसं लेखी दिलं. संध्याकाळी घरी आलो की नोंदी तपासायच्या, चुका लाल पेन्सिलीने खुणवायच्या. काकू माझ्यावर रुसायच्या. एकंदरीत सगळं ऑफिससारखंच चाललं होतं, आणि मी सुखात होतो.

तिसावा दिवस उजाडला. मी अर्ध्या दिवसाची रजा घेतली. बारा वाजता यंत्र बंद केलं, दाराला दोरी बांधली. चार तास! काकूंना हात जोडून घरी पाठवलं. टेबलाशी बसून अहवालाची शेवटची पानं भरायला घेतली. त्रेसष्ट प्रश्नांची उत्तरं झाली होती. चौसष्टावा राहिला होता: "नोंदींच्या आधारे लिहा, यंत्राचा उपयोग घरातील कोणत्या व्यक्तीस किती वेळा झाला?"

साधा प्रश्न. असे तक्ते तर माझ्या डाव्या हाताचा मळ. मी बेरीज मांडली. समोरच्या काकू, अठ्ठ्याण्णव. आई, एक्केचाळीस. मी, चाचणीच्या पाण्यासह, साठ. सेक्रेटरी, सव्वीस. वॉचमन, चौदा. जिन्यातलं मांजर, सहा.

बायकोच्या नावापुढे आकडा लिहायला पानं उलटली. पुन्हा उलटली. एखादी नोंद सुटली असेल म्हणून मागून पुढे बघत आलो. सव्वीस वर्षांत माझ्याकडून नोंद सुटलेली नाही. त्या दिवशी जन्मात प्रथमच मी देवाकडे मागितलं, की बाबा, एखादी सुटलेली असू दे.

सुटलेली नव्हती. शून्य.

जिन्यातलं मांजर सहा. आणि जिच्यासाठी भिंत फोडली, रजा जाळली, थर्मामीटर फोडला, ती शून्य. तीस दिवस ती उभ्याने थंड भात खात होती, त्यातले पंधरा दिवस तर माझ्या पाठीमागे, आणि मी पाण्याचं तापमान घेत होतो. माझ्यासारखा गाढव शोधून सापडायचा नाही.

तेवढ्यात दार वाजलं. साडेतीन. ती आत आली, बॅग खांद्यावर तशीच, सरळ ओट्याशी गेली आणि पातेल्याचं झाकण काढलं.

"थांब," मी म्हणालो.

"अहो, चमचाभर भात आहे. तुमच्या यंत्राला हात लावत नाही. आज शेवटचा दिवस, माहितीय मला."

मी तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं. ताटलीत भात वाढला, बाजूला भाजी वाढली. दोरी सोडायला गेलो तर माझीच गाठ मला सुटेना, सुरीने कापली. ताटली आत ठेवली आणि बटण दाबलं.

"अहो! काय करताय? बाई येतील आता! चार तास—"

"येऊ देत."

"यंत्र जाईल ना."

"जाऊ दे."

काचेतून उजेड दिसत होता, ताटली हळूहळू फिरत होती. आम्ही दोघं बघत उभे होतो. मग तिने वहीकडे बोट दाखवलं. "आणि नोंद?"

"हा एक विनातिकीट जाऊ दे," मी म्हणालो.

टिंग वाजलं. मी खुर्ची ओढली. तिने बॅग खांद्यावरून काढली, टेबलावर ठेवली आणि बसली. भातातून वाफ येत होती. तिने पहिला घास खाल्ला, डोळे मिटले आणि म्हणाली, "आई गं, पोळला." आणि हसली. मी माझ्या आयुष्यात एवढं चांगलं काही ऐकलेलं नाही.

चारला तपासनीस बाई आल्या. त्यांनी पहिल्यांदा यंत्राच्या दारावर हात ठेवला.

"हे गरम आहे."

"हो."

"चार तास बंद ठेवायचं होतं."

"हो."

"तुमच्यासारख्या माणसाकडून ही अपेक्षा नव्हती." हे मला लागलं. फार लागलं. मी नोंदवहीचं शेवटचं पान त्यांच्यापुढे केलं आणि शून्यावर बोट ठेवलं. बाईंनी तक्ता वाचला. मांजरापाशी जरा थांबल्या. मग टेबलाकडे वळल्या आणि बायकोकडे निरखून बघायला लागल्या.

"तुम्ही सकाळच्या बसवर असता ना? मी रोज येते त्या बसने. तुम्हाला बसलेलं आज पहिल्यांदा बघतेय."

"आमची सीट असते, पण तिच्यावर कोणीतरी म्हातारं माणूस असतंच," बायको म्हणाली.

बाईंनी चष्मा काढून पुसला. आवाज मात्र कडकच ठेवला. "शेवटची चाचणी झाली नाही. म्हणजे अहवाल अपूर्ण. नियमाप्रमाणे एकतर यंत्र परत, नाहीतर चाचणी पहिल्यापासून. आणखी तीस दिवस."

माझ्या डोळ्यांपुढे काकू, अंडं, पिशवी सगळं फिरलं. मी "परत" म्हणणार, इतक्यात बायको म्हणाली, "पहिल्यापासून. पण या खेपेला वही माझ्याकडे."

तिने दारावरची पाटी काढली, चार घड्या घातल्या आणि खुर्चीच्या हलणाऱ्या पायाखाली सारली. खुर्ची हलायची थांबली.

पुढचा महिना तिने मला वहीकडे फिरकू दिलं नाही. काकू पिशवी घेऊन आल्या तेव्हा तिने दारातूनच सांगितलं, "गाडी फुल आहे काकू, मागून रिकामी येतेय." काकू मुकाट्याने परत गेल्या. सेक्रेटरींनी अट दाखवली. त्यांना तिने विचारलं, "इतिवृत्ताचं ते पान कुठं गेलं हो?" ते जिन्यानेच खाली उतरले.

तिसाव्या दिवशी यंत्र वेळेवर बंद होतं, वेळेवर थंड होतं आणि पाण्याची चाचणीही नीट झाली. मग बायकोने आपला भात गरम केला, बसून खाल्ला आणि वहीत शेवटची ओळ लिहिली. बाईंनी वही मागितली. मी मान लांब करून बघितलं आणि मला घाम फुटला. रकाने नाहीत, वजन नाही, सही नाही. प्रत्येक दिवसाला एकच ओळ. "भात-भाजी. गरम. बसून." खाली पुन्हा तेच. फक्त एका ओळीत थोडं जास्त होतं: "आज गाडी बंद पडली, तीन तास उभी. गरम. बसून. दोनदा वाढून घेतलं."

"तापमान कुठंय?" बाईंनी विचारलं.

"लिहिलंय की. गरम."

बाईंनी तीसच्या तीस ओळी वाचल्या, बोट ठेवून. मग पर्समधून शिक्का काढला आणि वहीवर उमटवला. "पूर्ण."

आता मला सांगा, माझी दोनशे पानं, नऊ रकाने, दोन रंगांच्या शाया. ती अपूर्ण. आणि या तीस ओळी पूर्ण! मी बाईंना तसं सौम्य शब्दांत विचारलंही. त्या म्हणाल्या, "तुमची वही आम्ही मंडळात ठेवलीय. नवीन लोकांना दाखवायला." कशासाठी दाखवायला, ते त्या बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

बाई गेल्या. त्या भानगडीत माझं दुपारचं जेवण राहूनच गेलं होतं. बायकोने माझं ताट वाढलं आणि आत ठेवलं. सवयीने माझा हात खिशातल्या पेनाकडे गेला.

"वही कुठंय? नोंद करायला हवी."

"तुम्हाला पास आहे," ती म्हणाली, आणि तीच खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बसा."